ट्यूडर कफ, मोत्यांचा सर आणि गळ्याची पट्टी: रेनेसाँ ड्रेस पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सप्टेंबर संपत आला की आमच्या ह्यूस्टनच्या मराठी ग्रुपवर दोनच विषय असतात, फराळाची ऑर्डर कोणाकडे द्यायची आणि रेन फेअरला काय घालायचं. रेन फेअर म्हणजे टेक्सस रेनेसाँ फेस्टिव्हल, टॉड मिशनला १९७४ पासून भरतोय, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे वीकेंड. तिथे परी चालते, पायरेट चालतो, व्हायकिंग चालतो, दारात कोणी अडवून "हे कुठल्या सालचं?" असं विचारत नाही. पण एकदोन वर्षं रेडिमेड पॉलिस्टरचा गाऊन घालून झाला की फोटो बघताना काहीतरी खटकायला लागतं आणि मग मला मेसेज येतो की अगं ड्रेस तर महागातला घेतला, मग नाटकातल्या राणीसारखा का दिसतोय.

माझं उत्तर दरवेळी तेच असतं. ड्रेस सोड, गळा आणि मनगट बघ. समोरचा माणूस तुमच्याशी बोलताना तीन फुटांवरून तेवढंच बघतो. साधा लोकरीचा नाहीतर सुती वेलव्हेटचा गाऊन असू दे, मनगटावर हाताने भरलेला लिननचा कफ आणि गळ्याला नीट बसवलेली मोत्यांची पट्टी असली की झालं. आणि उलट, हजार डॉलरच्या गाऊनवर मशीनची लेस आणि चमचम खड्यांचा सेट घातला की सगळं मुसळ केरात. म्हणून हा लेख फक्त भरतकाम आणि दागिन्यांचा आहे, गाऊन कसा शिवायचा ते यात नाही.

आधी एक चित्र निवडा, एकच

रेनेसाँ म्हणजे एक काळ नाही हे पहिलं डोक्यात घ्या. १४९० चं फ्लॉरेन्स, १५३० चं लंडन आणि १५९० चं लंडन यात आपल्या नऊवारी आणि पंजाबी ड्रेसइतका फरक आहे. नवीन माणूस काय करतो, इकडून गळपट्ट्याची झालर उचलतो, तिकडून कपाळावरची साखळी, तिसरीकडून कंबरपट्टा, आणि मग ते कुठलंच राहत नाही. त्यापेक्षा एक पोर्ट्रेट घ्या, मोठ्या रिझोल्युशनमध्ये डाउनलोड करा, ए-४ वर प्रिंट काढून भिंतीला लावा आणि त्यात जे नाही ते घालायचं नाही असा नियम करा.

नवशिक्यांसाठी मी डोळे मिटून जेन सीमोरचं पोर्ट्रेट सांगते. चित्रकार हान्स होल्बाइन, १५३६-३७, व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. जेन म्हणजे इंग्लंडचा ट्यूडर घराण्यातला राजा आठवा हेन्री याची तिसरी बायको, १५३७ च्या ऑक्टोबरमध्ये बाळंतपणानंतर गेली. चित्रात लाल वेलव्हेटचा गाऊन आहे, डोक्यावर घराच्या छपरासारखं टोकदार शिरोवस्त्र ज्याला गेबल हूड म्हणतात, चौकोनी गळ्याच्या कडेने मोती आणि खडे, गळ्यात तसाच मोती-खड्यांचा हार, छातीवर ब्रोच आणि बाहीतून बाहेर आलेली पांढरी झालर जिच्यावर काळ्या रेशमाचं बारीक भरतकाम आहे. कानात काही दिसत नाही कारण हूडमध्ये कान झाकलेत, म्हणजे झुमक्यांचा प्रश्न मिटला. (आमच्याकडे एकीला हे अजिबात पटलं नव्हतं, ती शेवटी कुंदनचे झुमके घालूनच आली.)

पोर्ट्रेटच का, म्युझियममधले खरे दागिने का नाहीत असं कोणी विचारेल. तर कारण असं की त्या काळातला दागिना नंतर वितळवून नवीन घडवायची पद्धत होती, आपल्याकडे पाटल्या मोडून बांगड्या करतात तशीच, त्यामुळे उरलंय फार थोडं. आणि जे रेनेसाँ म्हणून विकलं गेलं त्यातलं बरंच १९ व्या शतकात केलेलं निघालं. जर्मनीतल्या आखेनचा राइनहोल्ड व्हास्टर्स नावाचा सोनार तर इतका हुशार होता की त्याची स्वतःची ड्रॉइंग्ज लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये ओळखली जाईपर्यंत त्याच्या कामांना लोक अस्सल समजत होते. पोर्ट्रेटचं साल निदान साधारण तरी माहीत असतं.

तुम्ही कोण आहात ते ठरवा

जेन राणी आहे. इंग्लंडमध्ये १५३३ चा कायदा होता की कोणी कुठलं कापड आणि किती भारी घालायचं, जांभळं रेशीम वगैरे राजघराण्यापुरतं. राणी नाही व्हायचं, व्यापाऱ्याची बायको व्हायचंय? मग काम निम्मं झालं: कफवर एकच भरलेली पट्टी, गळ्याला काही नाही किंवा साधी काळी रिबिन, आणि कमरेला जपमाळ. ही सुरुवातीला करायला फार छान वस्तू आहे. दहा लहान मणी, एक मोठा मणी, खाली रेशमी गोंडा किंवा क्रॉस, लाकडाचे, हाडाचे, पोवळ्याचे किंवा अंबरसारखे दिसणारे मणी घ्यायचे. पॅटरनॉस्टर म्हणतात तिला. आपल्या १०८ मण्यांच्या माळेची लांबची चुलत बहीण समजा. एका संध्याकाळी होते. पण एक लक्षात ठेवा, ही कॅथलिक लोकांची जपमाळ, १५३० च्या दशकात शोभते, पुढे पहिल्या एलिझाबेथच्या काळातल्या प्रोटेस्टंट बाईच्या कमरेला ती असली तर घोटाळा आहे.

सामान

भरतकामाला लिनन लागतं, इव्हनवीव्ह, म्हणजे उभे-आडवे धागे सारखे असलेलं. २८ काउंट मागा, म्हणजे इंचाला २८ धागे, सेंटीमीटरला साधारण ११. दुकानदार काहीही सांगू दे, स्वतः टाचण्या लावून ५ सेंमी उभे आणि ५ सेंमी आडवे धागे मोजा, ते जुळले नाहीत तर तुमचा चौकोन भरल्यावर आयत होतो. सरावाला १४ काउंटचं आयडा कापड पुरेसं आहे. दोरा काळा, अँकरचा ४०३ किंवा डीएमसीचा ३१०, दोन्ही सुती. रेशीम जास्त खरं, पण पहिल्या कफला सुतीच घ्या, रेशीम नखाला अडकून जीव खातं. सुई बोथट टोकाची, २४ किंवा २६ नंबरची टॅपेस्ट्री सुई. टोकदार सुई धागा फोडून आरपार जाते आणि आपल्याला धाग्यांच्या मधल्या भोकातून जायचंय. शिवाय रिंग, छोटी कात्री, आणि डोळ्याला चष्मा असेल तर तो आणि नसेल तर लवकरच लागेल.

दागिन्यांचं सामान मी पुण्याला गेले की रविवार पेठेत बोहरी आळीतून आणते, मुंबईचे असाल तर भुलेश्वर. इथे अमेरिकेत तेच क्राफ्टच्या दुकानात तिप्पट भावात मिळतं आणि निवड कमी. काय आणायचं: काचेचे मोती ४, ५ आणि ६ मिलिमीटरचे, क्रीम रंगाचे. पांढरेशुभ्र नकोत, ते लांबून प्लॅस्टिकच वाटतात. हातात घेऊन बघा, काच गार आणि जड लागते, प्लॅस्टिक कोमट आणि हलकं. मग चौकोनी सपाट कुंदन खडे, शिवायची भोकं असलेले, १२ मिलिमीटरचे. काळी किंवा गाऊनच्या रंगाची दीड इंची वेलव्हेट रिबिन, जरीची बारीक दोरी, मेण, पक्का पॉलिस्टर दोरा किंवा रेशीम.

खड्यांबद्दल थोडं जास्त बोलते कारण इथेच सगळे चुकतात. आज आपण हिरा म्हणतो तेव्हा जे लखलखतं ते ब्रिलियंट कट, ५७-५८ पैलूंचं, आणि तो नंतरचा. होल्बाइनच्या वेळी हिऱ्याचं टोक घासून वर एक सपाट चौकोन काढायचे, टेबल कट. तो आतल्या बाजूने बंद घरात बसवलेला असायचा आणि प्रकाश फार परत यायचा नाही, त्यामुळे पोर्ट्रेटमध्ये हिरा चक्क काळा दिसतो. हो, काळा. म्हणून हिरा दाखवायचा असेल तर काळी किंवा गडद राखाडी सपाट काच लावा, चमकणारे ऱ्हाइनस्टोन नको आणि ते इंद्रधनुष्यी कोटिंगवाले एबी खडे तर बिलकुल नको. माणिक-पाचूच्या खाली रंग उठावा म्हणून डाक, म्हणजे चमकदार धातूचा पातळ पत्रा, लावायचे, इटलीतल्या बेन्वेनुतो चेलिनीने १५६८ मध्ये छापलेल्या सोनारकामाच्या ग्रंथात डाक कसा बनवायचा ते सगळं लिहून ठेवलंय. आपल्या कुंदनकामात खड्याखाली डाक असतोच की! त्यामुळे भुलेश्वरचा दहा-वीस रुपयांचा सपाट लाल कुंदन या कामाला परदेशी महागड्या क्रिस्टलपेक्षा कितीतरी बरा दिसतो. आणि तसं बघायला गेलं तर ब्राझीलमध्ये १७२० च्या दशकात हिरे सापडेपर्यंत युरोपातले हिरे जवळजवळ सगळे हिंदुस्थानातूनच जायचे, त्यातले कितीतरी गोव्याहून पोर्तुगीज जहाजांतून लिस्बनला, तेव्हा आपण फक्त उलटा प्रवास करवतोय एवढंच.

कफ: आजीच्या इरकलीपासून सुरुवात

आता मुख्य काम. या काळ्या भरतकामाला ब्लॅकवर्क म्हणतात, त्या वेळी स्पॅनिश वर्क असंही म्हणायचे कारण अ‍ॅरागॉनची कॅथरिन १५०१ मध्ये स्पेनहून इंग्लंडला आली तिच्याशी त्याचं नाव जोडलं गेलं, खरं तर काळ्या रेशमाचं भरतकाम त्याआधीच्याही इंग्रजी लिखाणात येतं. याचा मुख्य टाका म्हणजे डबल रनिंग, आणि होल्बाइनच्या चित्रांत तो इतका नेमका दिसतो की त्याला पुढे होल्बाइन स्टिच असंच नाव पडलं.

पहिल्यांदा मी तो व्हिडिओ बघून शिकायला बसले तेव्हा दहा मिनिटांनी लक्षात आलं की हा तर मला येतो. आजीच्या इरकली साडीवर कसुती होती, गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती, आणि तिने मला सुट्टीत शिकवलेली गवंती. कसुतीत गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे चार टाके, त्यातली गवंती म्हणजे हुबेहूब हाच दुहेरी धावदोरा. जायचं एक टाका सोडून एक, यायचं मधल्या रिकाम्या जागा भरत. म्हणजे उलटी-सुलटी बाजू सारखीच. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या घरात कोणाला कसुती येत असेल तर लेख इथेच बाजूला ठेवा आणि त्यांना फोन करा.

नसेल येत तर आयडावर हा सराव करा. किल्ल्याच्या तटावर चर्या असतात तशी नक्षी काढायचीय: एक टाका वर, एक उजवीकडे, एक खाली, एक उजवीकडे, असं पुढे पुढे. पहिल्या फेरीत वर जाणारा टाका कापडाच्या सुलट बाजूला घ्या, उजवीकडचा मागच्या बाजूने, खाली येणारा परत सुलट बाजूला, पुढचा उजवीकडचा मागून. ओळ संपली की तुम्हाला नुसत्या उभ्या काड्या दिसतील, एकमेकींपासून सुट्या, आणि वाटेल की काहीतरी चुकलं. नाही चुकलं. आता कापड न उलटता परत या, आडवे टाके सुलट बाजूला आणि उभे मागून. घरी पोचेपर्यंत तट पूर्ण. मागे वळवून बघा, तिथेही तोच तट. माझ्या मुलीला हे दाखवलं तेव्हा तिने जादूचा प्रयोग बघितल्यासारखं परत परत उलटसुलट करून पाहिलं.

रेष वाकडी-तिकडी दिसत असेल तर युक्ती अशी की परतीच्या फेरीत सुई आधीच्या टाक्याच्या एका अंगाने वर काढायची आणि दुसऱ्या अंगाने खाली घालायची, दर वेळी तीच बाजू, म्हणजे सगळे टाके सारखेच कलतात आणि रेष सरळ वाटते. फांदी फुटत असेल, म्हणजे मुख्य वेलीतून बाजूला पान, तर जाताना त्या फांदीवर जाऊन परत या आणि मग पुढे चला. पानं परत येताना करू असं म्हणून सोडलं की दोरा भलत्याच ठिकाणी संपतो. गाठ मारायची नाही, कधीच नाही, शेपूट चार बोटं सोडायची आणि शेवटी टाक्यांखालून ओवून टाकायची. दोरा हातभर घ्या, त्याहून लांब घेतला तर पीळ पडून गुंता होतो.

आता खरा कफ. जेनच्या मनगटावर चुणीदार झालर आहे आणि झालरीच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणूनच तर हा टाका. माझं मनगट १६ सेंमी, पट्टी १८ ची, झालर त्याच्या दुपटीहून थोडी जास्त म्हणजे १६ इंच, साधारण ४०.६ सेंमी. २८ काउंटवर दोन दोन धाग्यांवरून टाका घेतला की इंचाला १४ टाके होतात, १६ इंचाला २२४. तुमचं डिझाइन १६ टाक्यांचं असेल तर एका हाताला बरोबर १४ वेळा बसतं, दोन हातांना २८. हे गणित आधी करा, चौकटीच्या वहीत आखून घ्या, नाहीतर शेवटचं फूल अर्धं कापलं जातं आणि मग ते आतल्या बाजूला लपवत बसावं लागतं. (लपत नाही.)

डिझाइन कुठून आणायचं? १५२० च्या दशकात आउग्सबुर्गला योहान श्योन्सपेर्गर, व्हेनिसला ताल्येंते यांनी भरतकामाच्या नमुन्यांची पुस्तकं छापली होती, आपल्याकडच्या रांगोळीच्या पुस्तकांसारखीच, आणि न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर १६ व्या शतकातली अशी पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत. फक्त एक काळजी घ्या. १५३० चं ब्लॅकवर्क चौकटीत बसणारं, भौमितिक, पट्ट्यांचं. वळणावळणाच्या वेली आणि पानांच्या आत वेगवेगळी जाळी भरलेली दिसली तर ते एलिझाबेथच्या काळातलं, दोन पिढ्या पुढचं. सुंदर असतं, पण जेनच्या हाताला नाही.

लिनन आधी गरम पाण्यात धुवा, आटायचं ते आटू दे. मग कापून न घेता मोठ्या तुकड्यावर कच्च्या दोऱ्याने झालरीची चौकट आखा आणि त्यात भरा. कापून मग भरलं तर कडा उसवतात आणि रिंगमध्येही बसत नाही. दोऱ्याची एकच तार घ्या, लडीत सहा असतात त्यातली एक. आणि भरायच्या आधी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून बघा. मी हे केलं नव्हतं. स्वस्तातला कुठलातरी दोरा होता, सहा आठवडे भरून झाल्यावर हौसेने धुतला आणि सगळी झालर राखेच्या रंगाची झाली, दोन दिवस कोणाशी बोलले नाही. तसं त्या काळच्या काळ्या रंगाचंही दुखणं होतंच, लोखंडाचा वापर करून काळा केलेलं रेशीम कालांतराने कुजतं, त्यामुळे म्युझियममधल्या काही कापडांवर आज रेशीम गळून गेलंय आणि नुसती सुईची भोकं आणि आखणीच्या रेघा उरल्यात.

भरून झालं की कापा, कडा अर्धा सेंटीमीटर दुमडून बारीक हातशिलाई करा, वरची कड चुणून पट्टीवर बसवा. पट्टी आतल्या शर्टच्या बाहीला कच्च्या टाक्यांनी लावा, कायमची नको, कारण शर्ट दर वेळी धुवावा लागतो आणि कफ नाही.

गळ्याची पट्टी

जेनच्या गळ्यातला हार आणि चौकोनी गळ्याची कड नीट बघा, दोन्ही एकाच जोडणीचे आहेत, सोन्याच्या घरात खडा, मग मोती, परत खडा. आपल्याकडे ठुशी आणि तोड्यांचा सेट मॅचिंग असतो तसं. म्हणून दोन्हीसाठी सामान एकदमच आणा, नंतर तोच लॉट मिळत नाही.

पट्टी गाऊनवर थेट शिवू नका. वेलव्हेट रिबिनवर करा आणि रिबिन गळ्याला टाचा, मग ती दुसऱ्या गाऊनलाही चालते. समजा गळ्याची कड एकूण ६० सेंमी आहे. एक खडा १२ मिलिमीटर, त्याच्या शेजारी ५ मिलिमीटरच्या मोत्यांच्या दोन जोड्या एकापुढे एक, मधे थोडा श्वास, असा एक घास अडीच सेंटीमीटरचा होतो. म्हणजे २४ खडे, ९६ मोती, आणि हरवायला दहा-वीस जास्त. सुरुवात कोपऱ्यापासून करा, दोन्ही कोपऱ्यांवर खडा यायला हवा, मग दोन कोपऱ्यांच्या मधली जागा सारखी वाटा. मधोमध सुरू करून कोपऱ्यात अर्धा मोती आला की काय वाटतं ते मला माहीत आहे.

खड्याभोवती जरीची बारीक दोरी फिरवून टाचली की ते सोन्याच्या घरासारखं दिसतं. दोरी कापडातून आरपार न ओढता वरच ठेवायची आणि पिवळ्या, मेण लावलेल्या दोऱ्याच्या छोट्या टाक्यांनी दाबत जायची, जरदोसीवाले करतात तसंच. मोती शिवताना प्रत्येक जोडीतून दोरा दोनदा जाऊ द्या आणि तीन-चार घासांनंतर मागे पक्की गाठ मारा, म्हणजे एक तुटला तरी सगळा पसारा होत नाही. कफला गाठ नको आणि इथे हवी, गोंधळू नका.

गोंदाने चिकटवू का असं सगळे विचारतात. नका. मी पहिल्या वर्षी चिकटवले होते, टेक्ससचा ऑक्टोबर म्हणजे काही थंडी नाही, दुपारी ऊन, वेलव्हेट आणि घाम, आणि गोंदाने मोत्यांचं वरचं कोटिंगच सोलून आणलं, संध्याकाळी गळ्याभोवती उकडलेल्या अंड्यांसारखे गोळे होते. गोंद फक्त ब्रोचला, जिथे धातूवर खडा बसवायचाय.

मोत्यांचा हार

४० सेंमीच्या सराला ६ मिलिमीटरचे साधारण ६६ मोती लागतात. नुसते ओवायचे नाहीत, दर मोत्यानंतर गाठ. पटवेकरी गाठवतात तसं, आणि खरं सांगायचं तर पुण्यात असाल तर सरळ पटवेकऱ्याकडूनच गाठवून घ्या, त्यांचा हात आपल्या दहा रविवारांच्या बरोबरीचा असतो. माझा न गाठलेला सर फेअरच्या पार्किंगमध्ये तुटला होता, खडीत क्रीम रंगाचे मोती शोधून बघा कधी. घरी करणार असाल तर दोऱ्याला मेण लावा, गाठ सैल करून त्यात सुई घाला, सुईने गाठ मोत्यापर्यंत सरकवा आणि मग घट्ट करा. गाठींमुळे लांबी वाढते, तेव्हा दोनचार मोती कमी लागतील.

मागे हुक किंवा लॉब्स्टर क्लास्प नको, दोन्ही टोकांना रेशमी रिबिन लावा आणि मानेमागे बांधा. आपल्या ठुशीला मागे दोरी असते त्यामुळे आपल्याला यात काही वेगळं वाटत नाही, इथल्या मैत्रिणींना मात्र सांगावं लागतं.

जेनच्या ब्रोचवर आय, एच, एस ही येशूच्या नावाची अक्षरं आहेत आणि खाली तीन मोती लोंबतायत. अक्षरांचे दागिने तेव्हा जोरात होते, ब्रिटिश म्युझियममध्ये होल्बाइनने काढलेली दागिन्यांची डिझाइन्स आहेत त्यात एकमेकांत गुंतवलेली अक्षरं पुष्कळ. तेव्हा आपल्या नावाचं पहिलं अक्षर करा. पितळेची जाळीची रेडिमेड चकती, वर जाड पितळी तारेचं अक्षर, एकदोन सपाट काळे खडे, खाली पिनांना लोंबणारे थेंबाच्या आकाराचे मोती, झालं. यातले तीन मोती थोडे वेडेवाकडे असले तर उत्तमच. तेव्हाचे मोती समुद्रातून जसे निघतील तसे, इराणच्या आखातातून, मन्नारच्या आखातातून, आणि १६ व्या शतकात व्हेनेझुएलाजवळच्या कुबाग्वा बेटावरून, एकसारखे गोल मिळणं म्हणजे नशीब. काचेत सगळे गोलच मिळतात म्हणून ब्रोचपुरते तीन गोड्या पाण्यातले खरे घ्या, हैदराबादहून कोणी येत असेल तर सांगा, तिथे वाकडे स्वस्तात देतात.

दुसऱ्या वर्षासाठी: एलेओनोराची जाळी

हे सगळं जमलं आणि हात शिवशिवत असतील तर ब्रॉन्झिनोने १५४५ च्या सुमाराला काढलेलं एलेओनोरा दी तोलेदोचं पोर्ट्रेट बघा, फ्लॉरेन्सच्या उफिझीत आहे, शेजारी तिचा छोटा मुलगा जोव्हान्नी. पांढऱ्या रेशमावर काळी-सोनेरी डाळिंबाची नक्षी, त्या कापडाच्या नादी लागू नका, ते आपल्या बजेटचं नाही. खांद्यांवर बघा, सोन्याच्या दोरीची जाळी आणि जाळीच्या प्रत्येक गाठीवर मोती. त्याला पार्टलेट म्हणतात. हाच ड्रेस घालून तिला पुरलं अशी गोष्ट खूप वर्षं सांगायचे, पण तिच्या सासरच्या मेदिची घराण्याच्या कबरी १८५७ मध्ये उघडल्या तेव्हा निघालेला ड्रेस वेगळा होता, तो आता फ्लॉरेन्सच्याच पित्ती पॅलेसमध्ये जपून ठेवलाय.

जाळी करायला थर्माकोलची जाड शीट घ्या, त्यावर खांद्याच्या आकाराचा कागद, कागदावर अडीच सेंटीमीटरच्या तिरक्या चौकटी. दर छेदावर टाचणी. जरीची दोरी एका दिशेने सगळी टाकून घ्या, मग दुसऱ्या दिशेने, आणि प्रत्येक छेदावर दोन्ही दोऱ्या आणि एक मोती असं एकत्र शिवा, टाचणी काढून पुढे. दोऱ्या ताणू नका, ताणल्या की शीटवरून काढल्यावर जाळी आक्रसते आणि खांद्याला बसत नाही. कडेला अर्ध्या इंचाची जरीची फीत लावली की आकार टिकतो. दोरीची टोकं कापली की लगेच उसवतात म्हणून कापायच्या आधीच दोऱ्याने गुंडाळून घ्या.

त्या दिवशी

पर्समध्ये सुई, क्रीम दोरा, आठ-दहा सुटे मोती आणि चार सेफ्टी पिन. कफ सगळ्यात शेवटी, गाडीतून उतरल्यावर लावा, कारण ड्रायव्हिंग करताना स्टीअरिंगला घासतात. टर्की लेग खायचा असेल तर आधी कफ सोडा, मी गंमत करत नाहीये. घरी आल्यावर घाम सुकू द्या, कफ सौम्य साबणात हाताने, पट्टी आणि हार नुसते कोरड्या फडक्याने पुसून, आणि सगळं सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, जरीची दोरी काळी पडते.

कफला मला सहा आठवडे लागले, राखेच्या रंगाचा झाल्यावर दुसऱ्यांदा साडेचार. पट्टीला तीन वीकेंड. पार्टलेट गेल्या मार्चपासून डायनिंग टेबलाच्या एका टोकाला थर्माकोलवर टाचलेलंय, डाव्या खांद्याचे मोती झालेत, उजव्याच्या टाचण्या अजून तशाच उभ्या आहेत, आणि आम्ही तिघंही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने जेवतोय.